चौतीस टोले

एसटीतून फाट्यावर उतरले तेव्हा चर्चची घंटा वाजत होती. मंगळवार होता, उपासनेचा दिवस नव्हे. एक टोला, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. रस्त्याच्या कडेला पेरूची पाटी घेऊन चिमाबाई बसली होती आणि बोटांच्या पेरांवर मोजत होती.

आमच्या गावची ही रीत आहे. चर्चच्या मंडळीतलं माणूस गेलं की वयाइतके टोले द्यायचे. कोणी ख्रिस्ती असो नसो, सगळे मोजतात. रानात खुरपणाऱ्या बायका हात थांबवतात, आणि मोजणी संपेपर्यंत कोण गेलं ते बहुतेकांना कळलेलं असतं.

"कितवा गं?" मी विचारलं.

"एकोनीस," ती म्हणाली, आणि मग वर बघितलं. मला पाहिल्यावर तिने मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही.

मी वळकटी खाली ठेवून उभी राहिले. पंचवीस झाले. साळव्यांची बाळंतीण सून आजारी होती, ती असेल म्हटलं. तीस झाले. बत्तीस. तेहतीस. चौतीसला घंटा थांबली. मी आणखी एका टोल्याची वाट बघितली. तो आला नाही.

माझे यजमान अमोस कसबे चौतीस वर्षांचे होते. चार दिवसांपूर्वी नाताळच्या तयारीत चर्चला चुना देताना परांचीवरून पडले होते, पंचवीस फुटांवरून, पाठीवर. जिल्ह्याच्या दवाखान्यात पडून होते. पण त्या सकाळी सहा वाजता मी त्यांना बशीने चहा पाजला होता. "जरा गोड झालाय," असंही ते म्हणाले होते. मग तीन तासांत काय झालं? दवाखान्यातून पोस्टात फोन आला असेल का? एसटीत मी बसले तेव्हाच गेले असतील का?

मी गावात आले होते ती फळी शोधायला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, मणका मोडलाय, पण आतली दोरी तुटलेली दिसत नाही. पंधरा दिवसांनी घरी न्या. सहा महिने सपाट, कडक फळीवर झोपवा. हलू द्यायचं नाही. बाजेवर झोपवलंत तर पाठ खचेल आणि पाय कायमचे जातील." आमच्या घरात सुंभाच्या दोन बाजा होत्या. माणूस मावेल अशी फळी अख्ख्या गावात कोणाकडे असेल, याचाच विचार करत मी दोन तास एसटीत बसले होते.

फाट्यापासून चर्च पाऊण मैल. मी पळत गेले.

चर्चच्या पायरीवर तिमोथीअण्णा भांबळ बसले होते. ते मंडळीचे पंच. प्रार्थनेत त्यांचा आवाज सगळ्यात मोठा आणि भाकरीचा घास घ्यायच्या आधीचं आभारप्रदर्शन इतकं लांब की कालवण गार व्हायचं. मला पाहून ते उठले आणि दोन्ही हात पसरले.

"धीर धर, सुवार्ता. प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं."

"कधी?" मी विचारलं. "फोन आला का?"

"फोन कशाला? मी सोता गेलतो की काल. सांजच्याला."

"काल?"

"काल. पाच वाजता वार्डात गेलो. खाट रिकामी. गादी गुंडाळल्याली, खाट फिनेलनं पुसल्याली. मी काय समजायचं ते समजलो. तितंच गुडघं टेकलं, प्रार्थना केली, आन साडेपाचची एसटी धरली. तुला तरी कुठं शोधू? म्हनलं तू सामान घेऊन मागल्या गाडीनं मयताबरूबर येशील. पाळकसायबांना सांगितलं. रातीच समद्यांना कळवलं."

काल पाच वाजता अमोसना प्लास्टर घालायला खालच्या मजल्यावर नेलं होतं. मी पिशवी घेऊन तिथेच खाली दाराशी बसले होते. मागे नर्सनी गादी गुंडाळून खाट पुसली होती, कारण खाट पुसायचीच असते.

"नर्सला विचारलंत?"

"नर्सबाई कामात व्हत्या. आन इचारायचं काय त्यात? तितं उभा राहिल्याबरूबर प्रभूनं माझ्या मनात सांगितलं."

मी लहानपणापासून शांत मुलगी म्हणून नावाजलेली. मिशनच्या शाळेत शिकवायची, पण कधी पोरांवर छडी उगारली नव्हती. त्या दिवशी पायरीवर उभी राहून मी इतक्या मोठ्याने बोलले की चर्चमागे जमलेली माणसं पुढे आली.

"अण्णा, प्रभूने तुम्हाला खोटं सांगितलं का मग? माझा नवरा जिवंत आहे. आज सकाळी तो चहा प्यालाय. जिवंत माणसाच्या नावाने तुम्ही घंटा वाजवलीत. रिकाम्या खाटेपुढे गुडघे टेकायला वेळ होता, नर्सला एक शब्द विचारायला नव्हता?"

गर्दीतून माझ्या सासूबाई पुढे आल्या. रात्रभर रडून डोळे सुजलेले. त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"च्या पिला त्यानं?"

"हो आत्याबाई. जरा गोड झाला म्हणाले."

त्यांनी माझा दंड सोडला आणि तिथेच जमिनीवर बसल्या. "त्याला लहानपनापास्नं च्या कमी गोड लागतो," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू जितं हाय."

पाळकसाहेब थोरात घंटेच्या ओट्यावरून खाली आले. टोले त्यांनी स्वतः दिले होते. सत्तरीचा म्हातारा माणूस, तळव्यांना दोराचे वळ उठलेले. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

मी चर्चला वळसा घालून मागे गेले. तिथे सगळं तयार होतं. कबरस्थानात कुंपणाशी चार पोरांनी पुरुषभर खड्डा खणला होता आणि ती पोरं घाम पुसत उभी होती. बायकांनी शेवंतीचा क्रूस बांधून ओल्या फडक्यात ठेवला होता. कडुलिंबाखाली बनसोडे मिस्त्री शवपेटी करत बसले होते. पेटीचा तळ पुरा झाला होता, लिंबाच्या लाकडाच्या तीन रुंद फळ्या एकमेकींना भिडवून खालून आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, रंधा मारून गुळगुळीत. बाजू अजून लागायच्या होत्या. मिस्त्री अमोसचे जुने दोस्त. रात्रीपासून रडत रडत काम करत होते, आणि मी आले तरी हातातला रंधा त्यांनी सोडला नव्हता.

मी त्या तळाकडे बघत उभी राहिले. माझ्या मागे कुजबुज चालू झाली होती. आमचे लोक वधस्तंभापुढे गुडघे टेकतात, पण जुनं काही एका पिढीत सुटत नाही.

"उघडी कबर रिकामी ठिवू नये," कोणीतरी म्हणालं. "ती मानूस मागती."

"नुसती बुजवू बी नये. कायतरी घालावं लागतं. कोंबडा तरी."

आणि मग तिमोथीअण्णांचा आवाज आला. समजुतीचा, मऊ. आजही तो आवाज आठवला की माझ्या अंगाला आग लागते.

"बुजवायची घाई कशाला? मी काय वंगाळ बोलत न्हाई, पर मनका मोडल्याला मानूस... दोन-चार दिवसांचाच परश्न आसंल. पोरांनी येवढी मेहनत केलीया. राहू द्या तशीच."

मी वळले. एका पोराच्या हातातलं फावडं हिसकावून घेतलं.

"सुवार्ता," पाळकसाहेब म्हणाले, "आधी प्रार्थना करू या."

"तुम्ही नका करू. चार दिवस तुम्ही सगळे प्रार्थना करताय आणि त्यातून हा खड्डा निघाला. आज मी करते."

मी मातीच्या ढिगात फावडं घातलं आणि पहिली फावडंभर माती खड्ड्यात टाकली. आणि मोठ्याने बोलायला लागले. डोळे मिटले नाहीत, पदर डोक्यावर घेतला नाही. पडल्या दिवसापासून मी देवाशी एक अक्षर बोलले नव्हते. ते सगळं साठलेलं होतं.

"ऐक. चार दिवस मी तुझ्याशी बोलले नाही, कारण बोलले असते तर शिव्याच दिल्या असत्या. हा माणूस तुझंच घर रंगवत होता. मजुरी घेत नव्हता. कामावरून दमून यायचा आणि तुझ्या भिंतीवर चढायचा. त्याची परांची तुला धरता आली नाही? दारू पिऊन पडणारे शाबूत उठतात, आणि हा तुझ्या दारात पडला. मला यातलं काही समजत नाही आणि कोणी समजावूही नये. पण मी तुला सोडणार नाही. तू मला सोडलंस तरी मी तुला सोडणार नाही. रोज येईन. रोज भांडेन. कबर माणूस मागते म्हणतात. मागू दे. मी देत नाही. तूही मागू नकोस."

असं काहीसं. शब्द तंतोतंत हेच होते असं नाही, पण ऐकणारे पुढे कित्येक वर्षं मला त्यातले तुकडे ऐकवत राहिले. मला आठवतं ते एवढंच की हाताला फोड येऊन फुटले होते आणि मी थांबत नव्हते. कोणी जवळ येत नव्हतं. मग कोणीतरी माझ्या शेजारी उभं राहून माती लोटायला लागलं. बघते तर पाळकसाहेब. कोट काढून कुंपणावर टाकलेला, आणि दुसरं फावडं हातात.

"मीही विचारलं नाही," ते खाली बघतच म्हणाले. "अण्णाच्या शब्दावर दोर धरला. माझीही चूक आहे."

"आहेच," मी म्हटलं.

"आहे," ते म्हणाले आणि माती लोटत राहिले.

खड्डा भरला. कोंबडा नाही, नारळ नाही, काही नाही, नुसती माती. मी ती पायांनी तुडवून सपाट केली. मग लिंबाखाली गेले.

"मिस्त्री, हा तळ मला द्या."

मिस्त्री दचकले. "कशापायी, वैनी?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने कडक फळीवर झोपवा. मी फळीच शोधायला आले होते."

"आवं, पर ही मयताची..."

"मयत कुठे आहे? दाखवा मला."

आत्याबाईसुद्धा कचरल्या. जिवंत लेकाला पेटीच्या तळावर झोपवायचं हे त्यांना गिळवत नव्हतं. "दुसरी बघू ना गं," त्या हळूच म्हणाल्या. "अपशकून हाय."

"दुसरी नाही, आत्याबाई. असती तर मी मागितली असती. आणि अपशकून ते परांचीवरून पडले तेव्हाच होऊन गेलाय."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग तळाकडे. रंधा उचलला आणि कडा घासायला लागले. "कडा टोचंल त्याला," ते म्हणाले. "गोल करून देतो."

मी सगळ्यांना एकच बजावलं. ही फळी कुठली ते अमोसना कोणी सांगायचं नाही. जो सांगेल त्याने आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही.

पंधरा दिवसांनी अमोस घरी आले आणि त्या फळीवर निजले. पुढचे सहा महिने कसे गेले ते मी फारसं सांगत नाही, कारण सांगायला लागले की लोक माझ्या श्रद्धेचं कौतुक करतात आणि मला चीड येते. धट्टाकट्टा माणूस आडवा पडला की त्याचं सगळं पडल्या जागी करावं लागतं. चार चार तासांनी कूस बदलायची, तीही ओंडका फिरवतात तशी, पाठ न वाकवता. स्पिरिट लावायचं, पावडर लावायची, तरी माकडहाडापाशी जखम झालीच. शाळा सुटली की मी पळत घरी यायची. रात्री अमोस भिंतीकडे तोंड करून गप्प पडायचे आणि मला त्या गप्प बसण्याचीही चीड यायची.

मंडळी प्रार्थनेला यायची. मी दारातच नियम सांगितला. प्रार्थना करायची असेल तर आधी हात लावा. दोन घागरी पाणी आणा, नाहीतर कूस बदलायला मदत करा, मग काय प्रार्थना करायची ती करा. काही लोक पुन्हा आले नाहीत. जे आले ते कामाचे निघाले. अमोस घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिमोथीअण्णा सकाळी सहाला आले आणि बाहेर उभे राहिले. मी आत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी मला एकटीला अमोसना फिरवता येईना, तेव्हा म्हटलं, "या, खांद्यापाशी धरा." सहा महिने तो माणूस रोज सहाला आला. एकदाही मोठ्याने प्रार्थना केली नाही.

आणि मी शब्द दिल्याप्रमाणे रोज भांडत होते. चूल पेटवताना, फडकी धुताना, शाळेच्या वाटेवर. शांती मिळते, समाधान मिळतं म्हणतात. मला तसलं काही मिळालं नाही. मी नुसती रागात होते. पण ज्याच्यावर रागावले होते तो ऐकतोय, याबद्दल मला एक दिवसही शंका आली नाही. नसेल ऐकत तर मी भिंतीशी भांडत होते, आणि भिंतीशी सहा महिने कोणी भांडत नाही.

मे महिन्यात एके दुपारी मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते. उजव्या पायाचा अंगठा हलला. मी हात काढून घेतला. तो पुन्हा हलला.

"तुम्ही हलवला?"

"हो," अमोस म्हणाले. "परवापासून हलतोय. पक्कं झाल्यावर सांगणार होतो."

मी पायाशी डोकं टेकून रडले. रडून झाल्यावर ते म्हणाले, "सुवार्ता, मिस्त्रीला सांग, फळी मस्त केलीय. टाचा बरोबर कडेवर येतात आणि डोकं बरोबर दुसऱ्या कडेला. बाजारातल्या कुठल्या फळीवर मी असा मापात मावलो नसतो."

"म्हणजे?"

"अगं, मिस्त्री माझा दोस्त आहे. लग्नात आपली बाज त्यानेच केली, तेव्हा माझं माप घेतलं होतं. आणि जो येतो तो माझ्याशी बोलताना फळीकडे चोरून बघतो. पहिल्याच दिवशी ओळखलं मी, ही पेटीची फळी."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"तू रागात होतीस," ते म्हणाले. "त्या रागावरच घर चाललं होतं. मला भीती वाटायची, तुझा राग उतरला तर तू बसून जाशील. तू बसलीस तर मला कोण उठवणार? मी रोज प्रार्थना करायचो, प्रभू, हिला आणखी थोडे दिवस चिडलेली ठेव."

मी तेलाची वाटी उचलून आत गेले.

जुलैत ते काठी घेऊन उभे राहिले. पहिल्यांदा चर्चला गेले तेव्हा वर बघून थांबले. ते पडले त्या तिकोनी भिंतीचा वरचा कोपरा तसाच काळा होता, कारण मी दुसऱ्या कोणाला तिथे चुना लावू दिला नव्हता. डॉक्टरांनी चढायची मनाई केली होती. मग तिमोथीअण्णा चढले, वयाच्या साठाव्या वर्षी, पाय लटपटत, आणि अमोस खालून काठी दाखवत त्यांच्यावर ओरडत होते, "अण्णा, डावीकडं राहिलं. अण्णा, विचारून हात मारा."

फळी मी ठेवून दिली. माळ्यावर, फडक्यात गुंडाळून.

अमोस दोन हजार पाच साली गेले. घरीच, दुपारी जेवून पडले आणि उठले नाहीत. एकसष्ट वर्षांचे होते. पाळकसाहेब थोरात, अण्णा, आत्याबाई, सगळे तोवर कबरस्थानात गेलेले. नवे पाळक तरुण होते. त्यांनी दारात येऊन हळू आवाजात विचारलं, "बाई, घंटा द्यायला सांगू का?"

"थांबा," मी म्हटलं.

मी आत गेले. सगळ्यांनी बघितलं होतं, डॉक्टरही येऊन गेला होता. तरी मी त्यांच्या छातीवर हात ठेवला. नाकापाशी बोट धरलं. बराच वेळ तशीच बसले. मग बाहेर आले. अंगणात मिस्त्रींचा मुलगा माळ्यावरून काढलेली फळी पुसत होता. त्याने पेटीसाठी माप घेतलं नाही, गरजच नव्हती.

"द्यायला सांगा," मी पाळकांना म्हटलं.

"एकसष्ट ना, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "चौतीस आधीच देऊन झालेत. उरलेले सत्तावीस द्या."